बुलेटचे कॅम घरी बदलायचे आहेत (कास्ट आयर्न, १९९४) – कोणी केलंय का?

धुऱ्यावरचा
नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडे. मोठ्या बाबांची १९९४ ची बुलेट आता माझ्याकडे आली आहे. साडेतीनशे सीसी, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला. मोठे बाबा गेल्यावर दीड वर्ष ती गोठ्यात उभी होती, अंगावर कुटाराची पोती. मागच्या वर्षी बॅटरी, टायर आणि क्लच प्लेटा टाकून चालू केली. चालते, पण दम नाही. ४४ नंबरच्या हायवेला ६५ च्या पुढे नेली की नुसता आवाज वाढतो, गाडी काही सरकत नाही.

म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची परफॉर्मन्स जोडी मागवली आहे, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही. जवळपास बुलेटचा मिस्त्री नाही. तालुक्याला एक आहे, तो म्हणतो गाडी ठेवून जा, पंधरा दिवस लागतील. मला ती कोणाच्या हवाली करायची नाही. मोठ्या बाबांनी या गाडीला कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही.

सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला, कापसाची पहिली वेचणी घरात आली. आता मधे आठ-दहा दिवस सवड आहे. टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे) आणि पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे) मी स्वतः सेट करतो. कॅमवरचं टायमिंगचं कव्हर मात्र कधी उघडलेलं नाही. घरी होईल का हे काम? आणि कुठे चुकू शकतं?

कास्तकार पोरगा
होते ना भाऊ, काऊन नाही होणार! उजवीकडचं कव्हर काढलं की दोन्ही कॅम समोरच दिसतात. हेड उतरवाचं काम नाही, चेन नाही, सगळे गिअरच गिअर. गिअरवरच्या खुणा पाहून काढ, खुणा पाहून टाक. मी आमच्या वावरातल्या शेडमध्ये एका दुपारी केलं होतं.

संत्रीवाला मोर्शी
होईल हे खरं, पण करावं का? मी वीस वर्षं हीच गाडी चालवतो आहे. बुलेटची खरी ताकद खाली आहे. चौथ्या गिअरमध्ये तिशीवर चालली आहे, मागे दोन क्रेट संत्री, समोर नाल्याचा चढ आला, आणि गिअर न पाडता धक्धक् करत वर निघाली, यासाठी लोक ही गाडी जिवापाड सांभाळतात. गरम कॅम, म्हणजे हाच परफॉर्मन्सचा, टाकला की तोच खालचा ओढा जातो. मग वर ताकद मिळवून करणार काय? आपल्या पांदण रस्त्यावर ८० ला कोण जातं?

वर्धेची लेक
संत्रीवाले दादांचा मुद्दा बरोबर आहे. त्यामागचं कारण सांगते, म्हणजे धागाकर्त्याला ठरवता येईल. (मी मेकॅनिकल शिकले. आता नोकरी पुण्यात, माहेर आर्वीकडे.)

कॅम दोन गोष्टी ठरवतो: व्हॉल्व्ह किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा. परफॉर्मन्स कॅममध्ये दोन्ही वाढवलेलं असतं. इंजिन जोरात फिरत असतं तेव्हा हवा आत यायला वेळ अपुरा पडतो, तिथे याचा फायदा होतो. पण इनटेक उशिरा बंद होतो, त्यामुळे हळू फिरताना पिस्टन वर येऊ लागला की आत आलेली थोडी हवा परत कार्बोरेटरकडे ढकलली जाते. शिवाय एक्झॉस्ट बंद होण्याआधीच इनटेक उघडलेला असतो. दोन्ही एकाच वेळी उघडे राहण्याचा हा काळ वाढला की आयडलला गाडी लंगडते.

आता या इंजिनाचं माप बघा. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९०. इतका लांब स्ट्रोक असला की ५००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर होतो. या जुन्या इंजिनांच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, तरंगता बुश असतो, रोलर नाही. म्हणजे कॅम वर पळा म्हणणार आणि खालचा बुश ते सोसणार नाही. सौम्य कॅम घेतला असेल तर ठीक. रेसचा घेतला असेल तर परत पाठवा.

धुऱ्यावरचा
ताई, कॅमच्या चिठ्ठीवर 'रोड' असं लिहिलं आहे. लिफ्ट मूळपेक्षा थोडीच जास्त, स्प्रिंग मूळच्याच चालतील असं म्हटलंय.

आरएक्सवाला
माझ्याकडे आरएक्स १०० आहे, तिला पण असा कॅम मिळतो का? दारव्ह्यात एक जण टाकून देतो म्हणतो.

कास्तकार पोरगा
अरे बाप्पा, त्याच्या दुकानातून आधी गाडी बाहेर काढ! आरएक्स टू-स्ट्रोक आहे. तिच्यात कॅमच नाही, कॅमनं उघडणारे व्हॉल्व्ह नाही, टॅपेट नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो अन् बंद करतो. कॅमचे पैसे घेऊन तो तुले काय देईन, ते त्यालेच माहीत.

आरएक्सवाला
वाचवलं भाऊ. ॲडव्हान्स द्यायलाच निघालो होतो.

जुना फिटर
मी एसटीत होतो, शेवटची बरीच वर्षं हिंगण्याच्या कार्यशाळेत. इंजिनं मोठी होती, पण कॅम तो कॅमच. बाबू, तुझ्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. गाडीत दम नाही म्हणतोस. का नाही, ते शोधलंस का? तीस वर्षांची गाडी. कॅमचं नाक, म्हणजे वरचा उंचवटा, झिजलं असेल, व्हॉल्व्ह बसत नसतील, रिंगा गेल्या असतील. निरोगी इंजिनात गरम कॅम टाकला तर फरक दिसतो. आजारी इंजिनात टाकला तर आजार झाकतो.

म्हणून उघडण्याआधी कॉम्प्रेशन बघ. गेज नसेल तर निदान किकवर उभा राहून बघ, पाय किती वेळ तोलला जातो ते. मग प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल टाकून परत बघ. जोर वाढला तर रिंगा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.

ते ठीक असेल तरच कव्हरला हात लाव. आता माझी पद्धत सांगतो.

इंजिन थंड पाहिजे. तेल काढून घे. किक हळूहळू दाबत पिस्टन वर आण, तोही कॉम्प्रेशनवर, म्हणजे दोन्ही पुशरॉड (टॅपेटपासून वर व्हॉल्व्हकडे जाणारे दांडे) मोकळे असताना. टॅपेट सैल कर. म्हणजे कॅमवर स्प्रिंगचा दाब राहत नाही आणि तो सरळ निघतो. दाब असताना ओढशील तर कॅम झटका देऊन फिरेल, मग खूण कुठे अन् आपण कुठे.

कव्हरचे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घे, त्यावर कव्हरचा आकार काढ, जो स्क्रू जिथून निघाला तिथेच टोचून ठेव. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर केसिंग फुटतं. कव्हर निघत नसेल तर पेचकस घालून उचकटू नकोस. रबरी हातोडीनं कडेकडेनं ठोक. पेचकसाचा एक ओरखडा पडला की ते कव्हर जन्मभर तेल गाळतं.

कॅम काढण्याआधी मोबाइलवर फोटो घे, समोरून, तिरपा नाही. तिरप्या फोटोत खुणा जुळलेल्या दिसतात, जुळलेल्या नसतात.

आणि नवा कॅम जुन्या टॅपेटवर कधीच चालवायचा नाही. टॅपेटचा तळवा जुन्या कॅमच्या वळणानं घासलेला असतो. तो नव्या कॅमला महिनाभरात खाऊन टाकतो. कॅमच्या पैशात टॅपेटचे पैसे धरूनच चल.

बुलढाणेकर
फिटर काकांनी सगळं सांगितलं. मी एकच सांगतो, कारण धागाकर्त्याच्या घरात कापूस आहे हे वाचून मला धडकी भरली.

भाऊ, कापूस ठेवलेल्या घरात इंजिन उघडू नका. पहिलं कारण आग. पार्ट पेट्रोलनं धुवायची आपल्याकडे सवय आहे. आमच्या नात्यात एकांच्या ओसरीवर कार्बोरेटर धुताना ठिणगी पडली आणि आतल्या खोलीतला कापूस पेटला. माणसं वाचली, वर्षाचं पीक गेलं. कापूस वरून विझलेला दिसतो आणि आत धुमसत राहतो, दुसऱ्या दिवशी परत पेटला होता. धुवायला डिझेल वापरा, तेही उघड्यावर, पितळी परातीत.

दुसरं कारण तंतू. वेचणीनंतर महिनाभर हवेत कापसाचे बारीक तंतू उडत असतात. तेलानं ओल्या गिअरवर ते बसले की दिसतही नाहीत. तिथून तेलपंप, तिथून बारीक भोकं. पुसायलाही कापूस किंवा सुताचा बोळा नको. जुनी नायलॉनची साडी घ्या.

धुऱ्यावरचा
हे डोक्यातच आलं नव्हतं. माजघरात कापूस अन् मी ओसरीवर बसणार होतो. आता चुलतभावाची विहिरीवरची खोली साफ करून घेतो. आईनं जुनी साडी लगेच काढून दिली, म्हणाली आधी इंजिनाले नेसव, मग मले नवी आण.

परतवाडा एक्सप्रेस
माझी २०१४ ची क्लासिक ३५० आहे. चिखलदऱ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रडते. मीही हेच करू का?

वर्धेची लेक
दादा, तुमचं यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये असलेलं) वेगळं आहे. तिथे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, तेलाच्या दाबानं आपोआप जुळतात, हातानं सेट करायचं काही नाही. एक्झॉस्ट कॅमवर ऑटो डिकॉम्प्रेसरही (सुरू करताना कॉम्प्रेशन थोडं सोडणारी सोय) असतो, त्यामुळेच तुमची गाडी बटणावर सुरू होते. नवा कॅम त्या सोयीसह आहे का, ते विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घाटात रडण्यावर कॅम हा उपाय नाही. चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवाच पातळ. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एक दाताने लहान करा, खर्च थोडा आणि परत फिरता येतं.

अकोल्याचा वकील
थोडं रुक्ष बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. कॅम बाहेरून दिसत नाही, त्यामुळे रस्त्यावर कोणी अडवणार नाही. पण अपघात झाला आणि सर्व्हेअरनं इंजिन उघडलं, तर विमा कंपनीच्या हातात मुद्दा जातो. किमान कॅमसोबत फटफट्या सायलेन्सर लावू नका. गावात म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं झोपलेली असतात.

संत्रीवाला मोर्शी
सायलेन्सरबद्दल हजार वेळा सहमत.

लेथवर जुनाच कॅम घासून 'परफॉर्मन्स' करून देणारेही आहेत, त्यांच्यापासून सांभाळा. मी एकदा फसलो. नाक तसंच ठेवून खालचा गोल घासतात, म्हणजे लिफ्ट वाढते. पण कॅमचा कडकपणा वरच्या पातळ थरातच असतो. तो थर घासला गेला की खाली मऊ लोखंड. दीड हजार किलोमीटरमध्ये माझा कॅम भाकरीसारखा चपटा झाला आणि तो चुरा तेलातून सगळ्या इंजिनात फिरला.

धुऱ्यावरचा
तीन दिवसांनी आलो. फिटर काका, तुमचं ऐकलं ते बरं झालं.

कॉम्प्रेशन चांगलं निघालं. उभा राहिलो तर किक बराच वेळ पाय धरून ठेवते. मग कव्हर उघडलं. इनटेक कॅमच्या नाकावर खड्डे पडलेत, गव्हाला कीड लागते तसे. बोट फिरवलं तर नखाला लागतात. टॅपेटचा तळवा बशीसारखा खोलगट. नव्या आणि जुन्या कॅमचं माप व्हर्निअरनं घेतलं, नाकापासून पाठीपर्यंत. त्यातून गोलाचं माप वजा केलं. नवा जेमतेम थोडा जास्त असायला हवा होता, तर फरक २ मिलिमीटरच्या वर आला. म्हणजे माझा व्हॉल्व्ह इतकी वर्षं अर्धवटच उघडत होता.

गाडी दमली होती ती यामुळे. मोठे बाबा शेवटी शेवटी म्हणायचे, आता हिले माझ्यासारखाच दम लागते. आम्हाला वाटायचं, ते सहज म्हणतात.

टॅपेट नागपूरहून मागवलेत, परवा येतील.

जुना फिटर
शाबास. आता खरं तर नवे मूळचे कॅम टाकलेस तरी गाडी तरुण होईल. पण रोडचे आणलेच आहेस तर टाक. दोन गोष्टी मोजल्याशिवाय नाही.

एक, व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. वेढ्यांत मिळून निदान एक मिलिमीटर फट राहिली पाहिजे. दोन, पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर. त्याला हेड उतरवावं लागतं. पोरांची मातीची रंगीत कांडी असते ना, ती चपटी करून पिस्टनवर ठेव, तेलाचं बोट लाव, हेड कसून इंजिन हातानं दोन फेरे फिरव. मग उघडून माती कापून जाडी मोज. मी इनटेकला २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर धरूनच चालतो.

कास्तकार पोरगा
काका, मातीऐवजी कणीक चालते का? घरात कांडी नाही.

जुना फिटर
नाही रे. कणीक दाबली की परत फुगते, माप खोटं येतं. अंगणवाडीतून माग, देतील.

धुऱ्यावरचा
अंगणवाडीच्या बाईंनी हिरवी कांडी दिली. इनटेकला ३ च्या थोडी वर, एक्झॉस्टलाही साडेतीनच्या जवळ. स्प्रिंगमध्ये फट भरपूर. उद्या बसवतो.

धुऱ्यावरचा
मंडळी, अडकलो आहे. काल सगळं बसवलं. खुणा जुळवल्या, नाकाला आणि तळव्याला ग्रीस लावलं, कव्हर बंद, तेल भरलं. किक मारली तर कार्बोरेटरमधून फट्! दुसऱ्या वेळी किकनं उलटी लाथ मारली, पिंडरी सुजली आहे. पॉइंट तपासले. ॲम्पिअरचा काटा जिथे हलायला पाहिजे तिथेच हलतो. काय चुकलं असेल? जीव खालीवर होतो आहे. व्हॉल्व्ह वाकला तर नसेल?

वर्धेची लेक
आता किक अजिबात मारू नका. प्लग काढा आणि इंजिन हातानं फिरवा, मागचं चाक चौथ्या गिअरमध्ये फिरवून. टॅपेटचं झाकण उघडा.

पिस्टन दर दुसऱ्या फेरीला वर येतो तेव्हा एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनटेक उघडत असतो. त्या क्षणी दोन्ही पुशरॉड थोडे थोडे उचललेले असायला हवेत, साधारण सारखेच. एक उचललेला आणि दुसरा पूर्ण सैल असेल तर एक कॅम दात चुकून बसला आहे. गिअरला समजा ४० दात असतील तर एक दात म्हणजे कॅमला ९ अंश, आणि क्रँकच्या हिशेबानं १८. एवढ्यानं नक्की बिघडतं.

धुऱ्यावरचा
ताई, तुम्ही म्हणालात तसंच. एक्झॉस्टचा पुशरॉड बोटांनी गरगर फिरतो, इनटेकचा उचललेला. कव्हर उघडलं. एक्झॉस्ट कॅम एक दात पुढे.

कसं झालं तेही कळलं. कव्हर पहिल्यांदा नीट बसलं नाही म्हणून मी अर्ध्यातून परत ओढलं होतं. तेलाच्या चिकटीनं कॅम त्याच्याबरोबर थोडा बाहेर आला असणार, आणि आत जाताना दुसऱ्या दातात गेला. पुन्हा पाहिलंच नाही. यावेळी कव्हर लावल्यावर इंजिन हातानं चार फेरे फिरवलं, कुठे टेकत नाही. मग पुशरॉड पाहिले. दोन्ही सारखे.

जुना फिटर
व्हॉल्व्ह वाकलेले नाहीत, कारण तू मातीनं मोजून ३ मिलिमीटर जागा ठेवली होतीस. आता टॅपेट कॅमच्या चिठ्ठीप्रमाणे सेट कर. मूळ कॅमला थंड इंजिनात पुशरॉड बोटानं फिरावा पण वरखाली हलू नये एवढंच लागतं. नव्याला चिठ्ठीत फट दिली असेल तर तीच ठेव.

चालू केल्यावर आयडलला सोडू नकोस. थोडी वर धर, दोन-तीन मिनिटं, मग बंद, थंड होऊ दे, परत. नाक आणि तळवा एकमेकांना ओळखतात ते याच वेळात. हेडला जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट जरा सैल करून तेल झिरपतं का, ते आधी बघ. नसेल झिरपत तर लगेच बंद.

धुऱ्यावरचा
चालू झाली!! तिसऱ्या किकला. तेल नळीतून आलं. आई बाहेर येऊन उभी राहिली, काही बोलली नाही, पदरानं टाकी पुसली.

बुलढाणेकर
अभिनंदन भाऊ! साडी आणली का मग?

धुऱ्यावरचा
वणीच्या बाजारातून. आणली.

आता चारशे किलोमीटर झाले, म्हणून नीट लिहितो. मूळ प्रश्न होता घरी होईल का. मला सहा दिवस लागले, त्यातले दोन चुकीत. ६५ ची भिंत गेली, ८० ला गाडी आरामात चालते. संत्रीवाले दादा, तुमचंही खरं निघालं. पहिल्या गिअरमध्ये मागे खताची दोन पोती घेऊन धुऱ्यावरून चढवताना आता क्लच जरा जास्त खेळवावा लागतो. आयडलही पूर्वीइतकं सावकाश बसत नाही. कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकला, तेव्हा प्लगचा पांढरा रंग जाऊन तपकिरी आला.

संत्रीवाला मोर्शी
आयडल बसत नाही तर कार्बोरेटरचा पायलट स्क्रू अर्धा फेरा फिरवून बघ. आणि पाचशेला तेल बदल, नव्या कॅमची भुकटी त्यातच असते. मोर्शीकडे आलास तर घरी ये. मला ती गाडी चौथ्या गिअरमध्ये तिशीला चालवून बघायची आहे.

धुऱ्यावरचा
संत्र्याचा मृग बहार उतरला की येतो दादा. तेलाचा डबा आणून ठेवलाय, २०डब्ल्यू५०.